मऊ पाणी

हॉटेलातले सगळे तिला वहिनी म्हणत, ते तिच्या दिरामुळे. दीर तिथे फिटर होता. नळ, पंप, बॉयलर, पाण्याच्या टाक्या, सगळं त्याच्याकडे. एकोणीस वर्षांपूर्वी लाँड्रीत जागा निघाली तेव्हा त्यानेच तिच्यासाठी शब्द टाकला, पहिल्या दिवशी तिला बरोबर घेऊन आला आणि दारातच सांगून टाकलं, "या आमच्या वहिनी." झालं. त्या दिवसापासून ती स्वयंपाक्यांची वहिनी झाली, दरवानाची झाली, आणि पुढे तीन मॅनेजर बदलले, त्या तिघांचीही झाली.

आता लाँड्री तिच्या हाताखाली होती. बेचाळीस खोल्या, दर खोलीत दोन मोठे टॉवेल, दोन लहान आणि एक पायपुसणं; चादरी, अभ्रे वेगळेच. धुण्याची यंत्रं तीन, वाळवायची दोन, कामाला पाच बायका. या सगळ्यात तिचा जीव होता तो टॉवेलांत. चादर काय, इस्त्रीने सरळ होते, ती म्हणायची; टॉवेलला इस्त्री लावली की तो मेला. त्याचे ते धाग्याचे बारीक बारीक फासे उभे राहायला हवेत. उभे असले तर टॉवेल पाणी पितो, आडवे पडले की नुसता अंगावरून घसरतो.

आणि गेल्या महिन्याभरात ते आडवे पडायला लागले होते.

आधी तिला वाटलं, आपलेच हात खरखरीत झालेत. तिने तळव्यांना तेल चोळून पाहिलं, टॉवेल गालाला लावून पाहिला. मग घड्या घालणारी बाई, जी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कमी बोलणारी होती, तिने एक टॉवेल टेबलाच्या कडेवर उभा धरला आणि हात सोडला. टॉवेल तसाच उभा राहिला.

"पुठ्ठा झालाय," घडीवाली म्हणाली, आणि पुढच्या टॉवेलला हात घातला.

त्या दिवसापासून वहिनीच्या डोक्याला चैन राहिली नाही. तिने साबणाची पूड निम्म्यावर आणली, कारण जास्त साबण फाशांत अडकून बसतो. मग यंत्रात कपडे कमी भरायला लावले, टॉवेलला पाण्यात लोळायला जागा हवी म्हणून. वाळवायच्या यंत्राची आच उतरवली. प्रत्येक टॉवेल आत टाकण्यापूर्वी दोन्ही टोकांना धरून तीनदा झटकायचा असा नियम केला, आणि दिवसभर लाँड्रीत नुसते फटाफट आवाज. बायकांचे खांदे भरून आले. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घालून पाहिलं. एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी पोळपाटासमोर उभी असतानाही तिची बोटं हवेत काहीतरी चाचपत असायची. नवरा शाळामास्तर, शांत माणूस. तो म्हणाला, "अगं, टॉवेल आहेत ते, तुझी मुलं नाहीत." मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती, आणि त्यांच्या काळजीने तिची झोप कधी इतकी उडाली नव्हती.

मग चौदा नंबरच्या खोलीतली बाई खाली आली. सत्तरीच्या पुढची, काठी टेकत, स्वतः लाँड्रीचा दरवाजा ढकलून आत. हातात टॉवेल.

"तक्रार करायला नाही आले हं मी," ती म्हणाली. "पण माझी कातडी आता कागदासारखी झालीय." तिने बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत लाल ओरखडे उठले होते. "एखादा जुना, वापरून वापरून मऊ पडलेला असेल ना तुमच्याकडे, तो द्या मला. विटलेला चालेल."

वहिनीने कपाट उघडलं. दोनशे टॉवेल रचून ठेवलेले होते. तिने वरून, खालून, मधून हात घातला. एकसुद्धा द्यावासा वाटला नाही.

"उद्या देते," ती म्हणाली. "माझ्या हाताने धुऊन देते."

त्याच दुपारी मॅनेजरने बोलावलं. मॅनेजर बत्तीस वर्षांचा, मऊ बोलणारा. त्याचं मऊ बोलणंच जास्त टोचायचं. त्याने तिला खुर्ची दिली. ती टेकल्यासारखं करून पुन्हा उभी राहिली.

"वहिनी, महिन्यात अकरा तक्रारी. सगळ्या टॉवेलच्या."

"मी बघतेय साहेब. साबण बदलला, आच—"

"तुम्ही करताय, दिसतंय मला. पण मालकांचं म्हणणं असं की बाहेरच्या मोठ्या लाँड्रीला सगळं देऊन टाकावं. रोज गाडी येईल, मळकं नेईल, धुतलेलं आणून देईल. त्यांचा माणूस पुढच्या सोमवारी बघायला येतोय."

"आणि आम्ही सहा जणी?"

मॅनेजरने पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. "सोमवारपर्यंत टॉवेल सुधारले तर मी मालकांशी बोलेन. मी एक नवं सॉफ्टनर मागवलंय, गुलाबी वासाचं. ते वापरून बघा."

हे सॉफ्टनर म्हणजे बाटलीतलं, शेवटच्या पाण्यात घालायचं. वहिनीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्याने हाताला गुळगुळीत लागतं, पण फाशांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी प्यायचा थांबतो. तरी ती हो म्हणाली. सोमवारला नऊ दिवस होते.

संध्याकाळी तिने पिशवीत चार टॉवेल भरून घरी नेले. बादलीत भिजवले, चिमूटभर पुडीत धुतले, चांगले खळबळून काढले, झटकले आणि गॅलरीत वाऱ्यावर टाकले. सकाळी हात लावला आणि ती जागच्या जागी थांबली. चारही टॉवेल फुगून आले होते. तेच टॉवेल, तीच पूड, तोच हात. तिने एक टॉवेल नाकाशी, कपाळाशी, मानेशी लावला. मग चहा गॅसवर तसाच सोडून एक रिकामी बाटली शोधली, तिच्यात घरच्या नळाचं पाणी भरलं आणि हॉटेलात आली.

चौदा नंबरच्या बाईला टॉवेल पोचवून ती लाँड्रीत शिरली, दुसऱ्या बाटलीत तिथल्या नळाचं पाणी घेतलं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा कीस टाकला आणि दोन्ही हातांनी दोन बाटल्या खळाखळा हलवल्या. बायका काम सोडून बघत राहिल्या. घरच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आला. लाँड्रीच्या बाटलीत नासलेल्या दुधासारखं काहीतरी वर तरंगलं, फेस नाहीच.

"पाणी जड आहे," घडीवाली म्हणाली.

जड तर होतंच. हॉटेलचं पाणी जमिनीतून उपसलेलं, क्षाराचं. पण म्हणून तर तळघरात पाणी मऊ करायचं यंत्र, त्यालाही सॉफ्टनरच म्हणत, बसवलेलं होतं. उंच टाकीत बारीक मण्यांचा थर असतो, पाण्यातला क्षार ते मणी धरून ठेवतात. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवायचं, म्हणजे ते पुन्हा कामाला तयार. दर तीन दिवसांनी मीठ, दर तीन दिवसांनी धुणं. ते काम दिराचं, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

म्हणून तिला आधी यंत्रच बिघडलं असं वाटलं. ती पंपाच्या खोलीत गेली. ही खोली वर, अंगणाच्या पातळीवर. तळघराचा जिना तिच्याच कोपऱ्यातून उतरत होता. दीर स्टुलावर बसून एका नळाचा वायसर कापत होता.

"भाऊजी, खालचं यंत्र चालतंय ना नीट?"

"न चालायला काय झालं?" त्याने मान वर केली नाही.

"लाँड्रीचं पाणी जड येतंय. मी बाटलीत बघितलं."

"बाटलीत." तो हसला. "वहिनी, त्या यंत्राला मी बावीस वर्षं बघतोय. रजिस्टर टांगलंय तिथे, बघा."

तिने पाहिलं. दर तिसऱ्या दिवशीची तारीख, पुढे 'मीठ टाकले, यंत्र धुतले' आणि त्याची सही. एकही खाडा नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली. हा माणूस खोटं बोलेल हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. ती परत फिरली, दारापर्यंत आली, आणि तिथे भिंतीशी रचलेली मिठाची पोती तिला दिसली. रोजच दिसायची. आज ती थांबली. सगळ्यांत वरच्या पोत्यावर धूळ होती, बोट फिरवलं तर रेघ उठेल इतकी, आणि त्या पोत्यापासून खिडकीच्या गजापर्यंत कोळ्याने निवांत जाळं विणलं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. दीर वायसर हातात धरून बसला होता. कात्री थांबली होती.

ती जिन्याकडे गेली आणि खाली उतरली. खाली दिवा लावला. मिठाची टाकी उघडली. तळाला कोरडी पांढरी पापडी, बस्स. नखाने खरवडली तर दगडासारखी. कधीपासून इथे थेंबसुद्धा पडला नव्हता.

वर आली तेव्हा तिचं डोकं तापलं होतं. पाच बायका, सोमवार, कागदासारखी कातडी, आणि हा माणूस सही करत बसलाय. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "अकरा पायऱ्या आहेत."

"काय?"

"खाली जायला. अकरा. उतरतो मी कसाबसा. चढताना सातव्या पायरीवर छातीत असं धरतं की पुढचं दिसत नाही." त्याने कात्री गुडघ्यावर ठेवली. "आणि पोतं घेऊन तर नाहीच."

"कधीपासून?"

"थंडीपासून. आधी वाटलं, गॅस आहे. दोन महिने बादलीने थोडं थोडं नेलं. मग तेही जमेना."

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिचं लाकडी कपाट चार जणांना उचलेना, ते याने एकट्याने पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं. आता पहिल्यांदाच तिला दिसलं की त्याचे घोटे सुजलेत, चपलेचे पट्टे मांसात रुतलेत, आणि ओठ पावसात भिजल्यासारखे निळसर आहेत.

"डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेलो की कागद येणार. कागद आला की फिटरला काम बंद. दोन वर्षं राहिलीत माझी, वहिनी. दोनच. नंतर मी घरी बसणारच आहे, मग हवं ते तपासा." तो थांबला, श्वास घेतला. "तेवढं झाकून न्या. घरात बोलू नका."

तिने हो म्हटलं. एकोणीस वर्षांपूर्वी याने आपल्यासाठी शब्द टाकला, मग आपण गप्प बसणं एवढंही करू नये का, असं तिला वाटलं. दुसरं म्हणजे सोमवार.

त्या दुपारपासून मीठ ती टाकू लागली. पोतं फोडायचं, बादलीत अर्धं भरायचं, अकरा पायऱ्या खाली, अकरा वर, अशा आठ खेपा. दीर वरून जिन्याच्या तोंडाशी उभा राहून सांगायचा. "डावा व्हॉल्व्ह आधी. नाही, मोठा. पाणी गढूळ येतंय का? येऊ दे, स्वच्छ होईपर्यंत हात लावू नका. आता मिठाचा खोला. हळू." तो सांगेल तसं ती करायची. मणी इतके भरले होते की एका धुण्याने भागलं नाही, तीन दिवस लागोपाठ करावं लागलं. चौथ्या दिवशी बाटलीत फेस आला, पाचव्या दिवशी गळ्यापर्यंत आला. मग टॉवेल पुन्हा धुवायला काढले, सगळेच्या सगळे, एकेक दोनदा, क्षार सुटेपर्यंत. पाचही बायका घामाने निथळल्या. सहाव्या दिवशी घडीवालीने टेबलाच्या कडेवर एक टॉवेल उभा धरून हात सोडला, आणि तो लगेच गळून जमिनीवर पडला. बायका हसल्या. वहिनीही हसली, पण तिचं लक्ष दाराकडे होतं. अंगणातून दीर चालला होता, आणि मधेच थांबून नळाची तोटी बघितल्यासारखं करत होता. त्या नळाला काही झालेलं नव्हतं. श्वासासाठी थांबला होता तो.

रविवारी सकाळी मॅनेजर स्वतः लाँड्रीत आला. टॉवेल गालाला लावून म्हणाला, "बघा वहिनी, मी म्हटलं नव्हतं? सॉफ्टनरचा फरक आहे हा."

"हो, सॉफ्टनरचाच," ती म्हणाली. त्याच्या गुलाबी बाटल्या कोपऱ्यात न उघडलेल्या होत्या, आणि ती तळघरातल्या सॉफ्टनरबद्दल बोलत होती. दोघंही आपापल्या परीने बरोबर. मॅनेजर खूश होऊन गेला. त्याने मालकांना फोन केला, सोमवारचा माणूस नको म्हणून कळवलं. सहा जणींची कामं राहिली. घडीवालीने त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांना चहा पाजला.

सगळं निभावलं होतं. कोणाला काही कळलं नव्हतं, कळायची शक्यताही नव्हती. तिने दर तीन दिवसांनी आठ खेपा घालायच्या, दोन वर्षं. तेवढी ताकद तिच्यात होती. तरी रस्त्याने चालताना ती दोनदा मागे वळून पाहायची. घरी खिडकीशी जायची, दाराशी जायची, पुन्हा खिडकीशी. दिराचं बिऱ्हाड वरच्याच मजल्यावर होतं. जिन्यावर पाऊल वाजलं की ती मोजायची. सहा, सात, थांबलं. मग बराच वेळ काही नाही. मग आठ. तोपर्यंत तिच्या हातातलं काम हातातच.

"तुझं काय चाललंय?" नवऱ्याने विचारलं. "टॉवेल तर झाले ना मऊ?"

"झाले की."

"मग?"

ती तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच पुन्हा निवडले.

बुधवारी धाकटी जाऊ विरजण मागायला खाली आली. वाटी हातात घेतली, पण गेली नाही.

"ताई, एक विचारू? यांना काही झालंय का हो? हल्ली आडवं झोपवत नाही म्हणतात. मागे तीन उशा लावून बसून झोपतात. मी विचारलं तर म्हणतात, पाठीला बरं वाटतं." तिने वाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही दोघं दिवसभर एकाच ठिकाणी असता. तुम्हाला काही दिसलं असतं तर तुम्ही मला सांगितलंच असतं, म्हणून मीही मनावर घेत नाही."

वहिनीने गॅस बंद केला. इतके दिवस तिच्या मनात एक हिशेब होता की आपण दिराचं ऋण फेडतोय. जावेच्या त्या एका वाक्याने तो कोलमडला. ही बाई आपल्या भरवशावर निश्चिंत आहे, आणि आपण तिच्या नवऱ्याच्या पायऱ्या मोजत बसलोय.

"विरजण राहू दे," ती म्हणाली. "बस. मी सांगते ते ऐक, आणि मधे रडू नकोस. वेळ नाहीये."

तिने सगळं सांगितलं. पोती, सह्या, सातवी पायरी, घोटे. जाऊ रडली नाही. वाटी खाली ठेवून उठली आणि म्हणाली, "चला." वहिनीने नवऱ्याला रिक्षा आणायला पाठवलं.

दीर कामावरून नुकताच आला होता, बूट काढत होता. दोघींना एकत्र दारात पाहिलं आणि तो समजला. त्याने वहिनीकडे असं पाहिलं की तिला पुढे कित्येक दिवस ती नजर आठवायची.

"तुम्ही शब्द दिला होता," तो म्हणाला.

"हो, दिला होता. मोडला. बूट पुन्हा घाला, रिक्षा थांबवलीय मास्तरांनी."

"मी येणार नाही."

"मग मी आणि ही इथेच बसतो. तुम्ही कसे झोपता ते बघतो."

तो आला. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली, पाय दाबून पाहिले, बोट रुतलेला खड्डा तसाच राहिला तो पाहिला आणि तिथल्या तिथे दाखल करून घेतलं. हृदय थकलं होतं, रक्त नीट ढकलत नव्हतं, म्हणून पाणी फुफ्फुसांत साठत होतं. "अजून पंधरा दिवस असेच गेले असते तर," एवढं म्हणून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. जावेने ते पुरं करायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मॅनेजरकडे गेली. या वेळी न बोलावता. रजिस्टर बरोबर नेलं होतं.

"साहेब, टॉवेल तुमच्या औषधाने मऊ झाले नाहीत," तिने सुरुवात केली, आणि मग काही लपवलं नाही. दिराच्या सह्या खोट्या होत्या हे सांगितलं, नंतर पाच वेळा मीठ आपण टाकलं आणि सही त्याचीच होऊ दिली हेही सांगितलं.

मॅनेजरचा चेहरा उतरला. रागापेक्षा अपमान जास्त दिसत होता. "म्हणजे मी मालकांना फोनवर सॉफ्टनरचं कौतुक करत होतो तेव्हा तुम्ही समोर उभ्या होता."

"होते."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसले. चुकले मी. पण लाँड्रीतल्या पाच जणींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना यात ओढू नका."

तो बराच वेळ रजिस्टरची पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "मला तळघर दाखवा."

तो कधी खाली गेलाच नव्हता. अर्धी बादली मीठ तिने मुद्दाम त्याच्या हातात दिली. खाली गेला, वर आला, सातव्या पायरीच्या आसपास त्यालाही धाप लागली. अंगणात उभा राहून घाम पुसत त्याने विचारलं, "हे वरून नळकांड्याने खाली सोडता नाही का येणार?"

"भाऊजींनी सहा वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं तसं," ती म्हणाली. "आधीच्या मॅनेजरना."

नळकांडं महिन्याभराने बसलं. तिला लेखी समज मिळाली. तो कागद तिने घरी आणून नवऱ्याला दाखवला आणि कपाटात ठेवला. दिराला तळघराच्या कामावरून काढलं. बरा झाल्यावर स्टोअरमध्ये बसायचं काम देऊ, असं मॅनेजर म्हणाला. पण ते होईल की नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

दीर नऊ दिवसांनी घरी आला. सूज उतरली होती, चेहरा लहान झाला होता. आडवा झोपू लागला. पण वहिनीशी बोलेना. ती वर गेली की भिंतीकडे तोंड करायचा. तिने फळं नेली तर जावेला सांगायचा, "ठेव तिकडे." मास्तरांनी समजावून पाहिलं, त्यांनाही गप्प केलं. वीस दिवस असे गेले. वहिनीला वाटलं, गेलं हे, आता असंच राहणार. माणूस तरी राहिला, असं ती स्वतःला सांगायची. तरी वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की तिचे कान टवकारायचे.

हॉटेलात नवा फिटर आला होता. हुशार होता, पण उतावळा. मणी आधी उलट्या पाण्याने धुवायचे सोडून तो थेट मिठाचं पाणी सोडायचा. पाणी पुन्हा जरा जड लागायला लागलं. वहिनीने त्याला सांगून पाहिलं, पण तिला सगळं क्रमाने कुठे माहीत होतं? तिने ही गोष्ट जिन्यावर नवऱ्याला सांगितली, थोडी मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊ खाली आली. "हे म्हणतायत, कागद-पेन घेऊन वर या."

ती गेली. दीर खुर्चीत बसला होता, पायांखाली स्टूल, बाजूला गोळ्यांचा डबा. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहून बोलायला लागला.

"लिहा. एक. आधी यंत्राचं लाँड्रीकडे जाणारं पाणी बंद. नाहीतर मिठाचं पाणी टॉवेलांत जाईल."

तिने लिहिलं.

"दोन. मोठा व्हॉल्व्ह उलटा. पंधरा मिनिटं. घाई करायची नाही. घड्याळ लावून मोजायची, अंदाजाने नाही. लिहिलंत? अंदाजाने नाही, असंच लिहा."

"लिहिलं."

"तीन. मीठ. चार, पुन्हा साधं पाणी, जिभेला खारट लागायचं थांबेपर्यंत." तो थांबला. दम लागला म्हणून नव्हे. काहीतरी शोधत होता. जाऊ दारात उभी होती. "पाच," तो म्हणाला, या वेळी तिच्याकडे बघून. "खाली एकट्याने जायचं नाही. कोणीतरी वर उभं हवं."

वहिनीने तेही लिहिलं. मग कागद उलटा केला, पेन सावरलं आणि विचारलं, "सहावं?"